पोळ्याची कर

आमच्या यवतमाळकडे श्रावण पोळ्याला संपतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. ह्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात. महिनाभर वार पाळलेली, मटण सोडाच पण अंड्याचं नावही न काढलेली माणसं त्या सकाळी हातात डबा घेऊन उभी असतात. खाटकाला मान वर करायला फुरसत नसते. मांडीचं दे, चाप टाक, कलेजी वेगळी बांध. आदल्या दिवशी ह्याच हातांनी बैलाच्या पायावर पाणी घातलेलं असतं, त्याला पुरणपोळी भरवलेली असते. बाहेरून आलेल्याला ह्यात विसंगती दिसते. आम्हाला ती फारशी दिसली नाही, किंवा दिसली तरी तिनं आमची झोप उडवली नाही. पोळा बैलाचा, कर माणसाची.

माझं माहेर दारव्हा तालुक्यातलं. काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर, आणि गोठ्यात बैलांच्या दोन जोड्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असायची. जू जिथे बसतं तिथली कातडी वर्षभराच्या वखरणी-डवरणीनं जाड, काळी, खरबरीत झालेली असते. बाबा ती आधी कोमट पाण्यानं शेकायचे, मग पळसाच्या पानानं हळद आणि तूप चोळायचे. घाई नसायची. बैल मान खाली घालून उभा राहायचा आणि त्याच्या पाठीवरून एक थरथर खांद्यापासून शेपटीपर्यंत सरकत जायची. मग बाबा त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचे, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” बैलाला अहो-जाहो! आम्हा भावंडांना बाबांनी जन्मात कधी जेवायला असं बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, कपाळाला मठाटी, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण, तिथे झडत्यांची चढाओढ, आणि तोरण तुटलं की बैल घरोघर. सालदाराला बोजारा मिळायचा, नवं धोतर मिळायचं. घरच्या मालकिणीनं दारात बैलाची पूजा करायची, त्याच्या पाया पडायचं. आई पाया पडताना पुटपुटायची काहीतरी. वर्षभरात त्याच्यावर किती कोरडे उडाले ते तिला ठाऊक होतं.

ही माया खोटी होती असं म्हणायला मी तयार नाही. पण ती बिनशर्तही नव्हती. बैल थकला की त्याला बाजार दाखवला जायचा. वणीला रंगनाथ स्वामींच्या जत्रेत बैलबाजार भरायचा, लांबलांबचे व्यापारी उतरायचे. तोंड उघडून दात बघायचे: आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला. जुळून बरीच वर्षं झालेल्या बैलाला कोण घेतं आणि कुठे नेतं, हे बाबांना माहीत होतं. विचारत कोणी नव्हतं. बैल निघताना आई त्याला भाकरी भरवायची आणि बाबा व्यापाऱ्याकडून कासरा सोडवून परत घ्यायचे. बैल विकायचा, कासरा विकायचा नाही, अशी रीत. त्या पैशांत घरातले चार पैसे घालून नवा गोऱ्हा यायचा. त्या संध्याकाळी बाबा जेवायचे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या गोऱ्ह्याला जुवाखाली आणायची खटपट सुरू व्हायची.

करीचं मटण आमच्या स्वयंपाकघरात कधीच शिजलं नाही. अंगणात, गोठ्याच्या भिंतीला लागून तीन दगड मांडायचे. मटणाचा गंज वेगळा, पळी वेगळी, वर्षभर गोठ्याच्या आढ्याला टांगलेली. आई स्वतः खायची नाही, पण मसाला तिचाच: भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, धने, लवंग, दगडफूल, सगळं पाट्यावर ओलं वाटून. गोळा तयार झाला की ती तो जर्मनच्या ताटलीत ठेवून अंगणाच्या उंबऱ्यापर्यंत सरकवायची. तिथून पुढचा मुलूख पुरुषांचा. तेल सुटेपर्यंत मसाला परतायचा, मग मटण, मग आधणाचं पाणी, वर तर्री. रश्शाचा वास गल्लीभर. दुसऱ्या दिवशी राखेनं गंज घासून आढ्याला, दगड धुऊन कोपऱ्यात.

बकरा कधी बाजारचा असायचा, कधी घरचा. घरचा असला की आम्हा मुलांना त्या सकाळी काहीतरी निमित्त काढून शेतावर पाठवत. परत आलो की खुंटा रिकामा. कोणी समजावत नसे, आम्ही विचारत नसू. धाकट्या भावानं एकदा दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला. त्याला कोणी हसलं नाही, एवढं मात्र आठवतं.

आपल्याकडे जनावर खाण्याबद्दलची अस्वस्थता आत्ता कुठे फोनवरच्या व्हिडिओंतून आली, असं शहरातल्या तरुण मुलांना वाटतं. तसं नाही. ती आधीपासून होती, फक्त तिचे रस्ते निराळे होते. गावात दर आषाढीनंतर एखाददुसरा माणूस पंढरपुराहून तुळशीची माळ घालून यायचा आणि त्याच्या घरच्या चुली दोन व्हायच्या. करीच्या पंगतीतून तो उठायचा, मित्र चिडवायचे, बायकोला बहुधा हायसं वाटायचं. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसणारी मंडळी होती. तुकडोजी महाराजांचं मोझरी आमच्यापासून लांब नाही. आणि सगळ्यांच्या आधी गाडगेबाबा.

शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेला हा परीट समाजातला माणूस. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू वाढायची, ही ठरलेली रीत. कर्ज काढून का होईना, पण वाढायची. ह्यानं पंगतीत बुंदीचे लाडू वाढले. भाऊबंद खवळले. तरुण डेबूजीचं ते पहिलं बंड, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे आयुष्यभर वऱ्हाडातल्या खेड्याखेड्यांत कीर्तनातून ते देवापुढच्या बोकडाबद्दल लोकांना उलटे प्रश्न विचारत राहिले. मला त्यांच्या त्या कामात एक गोष्ट फार मोलाची वाटते. बोकडाचा जीव आणि गरिबाचं कर्ज ह्या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या केल्या नाहीत. नवसाचा बोकड कापला की बोकडही मरतो आणि सावकाराचं खातंही वाढतं. दयेचा हा असा रोकडा हिशेब नंतरच्या प्रचारकांना जमला नाही.

आमच्या दिग्रस-दारव्हा-पुसद पट्ट्यात बंजारा तांडे खूप. वसंतराव नाईक गहुलीचे, ते ह्याच समाजातले. दिग्रसच्या शेजारी, पण वाशीम जिल्ह्यात, पोहरादेवी. चैत्रात रामनवमीच्या यात्रेला तिथे बोकडांचे बळी द्यायची जुनी चाल. सेवालाल महाराजांच्या जयंतीला तांड्यातांड्यांत गोड भोग लागतो आणि त्याच समाजात बोकडाच्या रक्ताची सळोई हा मानाचा पदार्थ आहे. बळीविरुद्ध समाजातल्याच माणसांनी आवाज उठवला, प्रशासनानं बंदोबस्त लावले, आणि तरी यात्रेच्या दिवसांत आडबाजूच्या शेतांतून धूर निघतच राहिला. माझी एक तांड्यावरची मैत्रीण म्हणते, “देवीच्या समोर कापायचं नाही म्हणता ते बरोबर. पण मग दुकानात लटकलेलं कोणाच्या समोर कापलंय?” तिच्या ह्या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

खाण्यातला सगळ्यात मोठा बदल मात्र ह्या मुलखात दयेनं घडवलेलाच नाही. तो स्वाभिमानानं घडवला. माझ्या आजोबांच्या काळात गावात ढोर मेलं की ते ओढून नेण्याचं काम महारवाड्यावर लादलेलं होतं, आणि त्या मेलेल्या ढोराचं मांस हाच त्या कामाचा मोबदला. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी ते मांस सोडा म्हणून सांगितलं. सोडणाऱ्यांवर कितीतरी गावांनी बहिष्कार टाकला, बलुतं बंद केलं, आणि तरी त्यांनी सोडलं. उपाशी राहून सोडलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घ्यायला आमच्या भागातूनही माणसं पायी, बैलगाडीनं, रेल्वेनं गेली. त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याचीही एक प्रतिज्ञा आहे. पण आधी माणूस, मग प्राणिमात्र, असा तो क्रम होता, आणि तो क्रम कोणी उलटा लावू लागलं की मला कानकोंडं होतं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आलं. ते मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाबद्दल असलं, तरी वाचताना माझ्याच गावच्या वेशीबाहेरच्या चुली मला पहिल्यांदा नीट दिसल्या. आम्ही एवढी वर्षं त्या धुराच्या वासावरून नाकं मुरडली होती. भाकरीबरोबर त्या गंजात काय शिजतंय आणि का शिजतंय, हे जाणून घ्यायची गरज आम्हाला वाटली नव्हती.

पुढे मेलेली ढोरं नुसतीच गावाबाहेर नेऊन टाकली जाऊ लागली. तिथे गिधाडं उतरायची. माझ्या लहानपणी नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडांवर ती माना आखडून बसलेली असत आणि आम्ही शाळेतून येताना दुसऱ्या वाटेनं येत असू. नव्वदीनंतर ती कमी होत गेली आणि मग दिसेनाशीच झाली. कारण कळलं ते २००४ मध्ये: डायक्लोफेनॅक. बैल लंगडायला लागला, गाईची कास सुजली, की दुखणं कमी व्हावं म्हणून द्यायचं स्वस्त इंजेक्शन. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं देशभरात शंभरातली नव्व्याण्णवच्या वर संपली. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. ज्यांनी ते टोचून घेतलं त्यांनी दुखणाऱ्या बैलाची कीवच केली होती. बाबांनीही डॉक्टरांना बोलावून ते इंजेक्शन दिलेलं असणार. आमच्या गोठ्याच्या वळचणीत रिकाम्या बाटल्या असायच्या.

आता बैलाच्या कायद्याकडे येते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गाईला संरक्षण होतं. १९९५ मध्ये विधिमंडळानं बैल आणि वळूही त्यात घातले. राष्ट्रपतींची मोहर उमटायला वीस वर्षं गेली. २०१५ च्या मार्चपासून तो अमलात आला. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हशीला ह्या बंदीत जागा नाही. ती काळी म्हणून की तिचा पोळा होत नाही म्हणून, ते विचारायला नको.

ह्या कायद्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांची एक परंपरा आमच्या अगदी शेजारी आहे, वर्धा नदीच्या पलीकडे. विनोबांनी पवनारहून १९७९ मध्ये गोवंशहत्याबंदीसाठी उपोषण केलं. ११ जानेवारी १९८२ पासून मुंबईत देवनारच्या कत्तलखान्याच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि तो कित्येक वर्षं चालला. पण त्याच वर्ध्याच्या मातीत गांधीजींच्या मंडळींनी नालवाडीला चर्मालय काढलं होतं, मेलेल्या जनावराच्या कातड्यापासून जोडे करण्यासाठी. म्हातारं जनावर जगवायचं तर त्याच्या शेणाची, मुताची, मेल्यावर कातड्याची आणि हाडांची किंमत शेतकऱ्याच्या हाती पडली पाहिजे, हे त्यांना कळत होतं. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवेलाच दिले. ही सगळी माणसं शेणात हात घालणारी. त्यांचा आग्रह पुढे कायद्यात आला. नालवाडीचा हिशेब कायद्यात आला नाही.

आणि हा कायदा मोहरेची वाट बघत होता त्याच वर्षांत आमच्या शिवारातून ज्वारी गेली. हे पीक काही कोणाच्या धर्मभावनेत नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल मोर्चा निघाला नाही. ज्वारी होती तेव्हा कडबा होता. अंगणात कडब्याची गंजी, त्यावर चढून आम्ही घसरगुंडी खेळायचो. फाल्गुनापासून मृगापर्यंत बैल तोच खायचा. मग सोयाबीन आलं. सोयाबीनचं कुटार मिळतं, पण पाऊस लागला तर ते कुजतं, आणि हार्वेस्टर लावला तर मागे उरतं तेही शेतातच विखुरतं. कुटार विकत घ्यायचं, ढेप विकत घ्यायची, गुराखी मिळत नाही, आणि ट्रॅक्टर एका दिवसात वखरून देतो. माझ्या भावाच्या गोठ्यात आता मोटारसायकल उभी असते. पोळ्याला तो शेजारच्या गावातून भाड्यानं जोडी आणतो. झूल तेवढी बाबांच्या वेळची आहे. महाराष्ट्रातली गाईबैलांची संख्या २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या मध्ये सुमारे दहा टक्क्यांनी घटली. बैलाला मारायची बंदी आली आणि बैल पाळायचं कोणाला परवडेना.

मग म्हाताऱ्या बैलाचं काय होतं? काही गोरक्षणात जातात. काही रात्री मोकळे सोडले जातात आणि पहाटे दुसऱ्याच्या तुरीत सापडतात. काही पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे, तेलंगणाच्या सीमेकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये असतात, पाय दुमडून, एकावर एक रचलेले. असे ट्रक पकडल्याच्या बातम्या जिल्ह्याच्या पानावर नेहमी येतात. पूर्वी हीच जनावरं आठ-दहा कोस चालत बाजाराला जायची, वाटेत पाणी प्यायची. कायद्यानं त्यांचा प्रवास लांबवला आणि अंधारात नेला. ह्याचा अर्थ कायदा वाईट, असा मी काढत नाही. कापायला नेली जाणारी दावण मलाही बघवत नाही. मला एवढंच दिसतं की बैलाचा जीव वाचवायचा निर्णय सगळ्या राज्यानं मिळून घेतला आणि त्याच्या चाऱ्याचं बिल एका माणसाच्या नावावर फाडलं.

ह्या जिल्ह्यानं दयेचा आणि भीतीचा सामना आणखी एका निमित्तानं पाहिला. टी-वन वाघीण, जिला शहरांनी अवनी म्हटलं. पांढरकवडा-राळेगावच्या जंगलपट्टीत दोन वर्षांत तेरा माणसं गेल्याचा ठपका तिच्यावर आणि तिच्या साथीच्या वाघावर होता. त्यांतली कितीतरी गुरं चारायला किंवा शेतात गेलेली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. गावांत फटाके फुटले, पेढे वाटले गेले. मुंबई-पुण्यात मेणबत्त्या लागल्या, केंद्रातल्या मंत्री मनेका गांधी राज्याच्या वनमंत्र्यांवर तुटून पडल्या. तिचे दोन बछडे दहा-अकरा महिन्यांचे होते, त्या बातमीनं मीही हळहळले. पण त्या दोन वर्षांत त्या गावांतल्या बायका सरपणाला, कापूस वेचायला कशा जात होत्या, ते मी माझ्या नणंदेच्या तोंडून ऐकत होते. दहा जणींनी मिळून जायचं, डोक्याच्या मागे मुखवटा बांधायचा, डबा वाजवत राहायचं. वाघीण मेली म्हणून पेढे वाटणाऱ्या त्या बायकांना क्रूर म्हणणारा लेख मी तेव्हा वाचला आणि वर्तमानपत्र तसंच घडी करून ठेवून दिलं. जनावर जितकं लांब, तितकी त्याची माया करणं सोपं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. रोही आणि रानडुकरांनी हरभरा फस्त करू नये म्हणून माळ्यावर जागलीला बसणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

खाण्याचंही तसंच झालं आहे. मारणं आता इतकं लांब गेलं की ते दिसतच नाही. माझ्या लहानपणी गावरान कोंबडी पाहुणा आल्याशिवाय कापली जात नसे; आज गावच्या फाट्यावर जाळीत बॉयलर कोंबड्या एकमेकींना टेकून बसलेल्या असतात आणि आठवड्यातून तीनदा घरात रस्सा होतो. आमच्याच गावाबाहेर एकानं पोल्ट्रीचं शेड टाकलं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. ह्याचं फक्त शेड, वीज, पाणी आणि रात्रीची झोप. पाच-सहा आठवड्यांत पिल्लू दोन किलोंचं होतं, कंपनीचा ट्रक येतो, वजनावर पैसे मिळतात. मी आत गेले तेव्हा हजारो पाखरांचा एकच एक आवाज, अमोनियानं डोळ्यांत पाणी, आणि पायापाशी एक कोंबडी उठायचा प्रयत्न करत होती. छाती इतकी भरलेली की पाय तिला पेलवत नव्हते. शेडवाला म्हणाला, “हे राहते असंच, ताई. दोन दिवसांत लिफ्टिंग आहे.” त्यानं तिला उचलून पाण्याच्या भांड्याजवळ ठेवलं, फार हळू हातानं ठेवलं. बाबांचा हात बैलाच्या खांद्यावर असाच असायचा. पण त्याला पाच हजार कोंबड्या होत्या आणि नाव एकीलाही नव्हतं.

अंड्याच्या कोंबड्यांचं आणखी बिकट. तारांच्या पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला वहीच्या एका मोठ्या पानाएवढीही जागा येत नाही. पंख पसरणं जन्मात घडत नाही. युरोपीय संघानं असे उघडेबोडके पिंजरे १९९९ मध्ये कायदा करून २०१२ पासून बंद केले. आपल्या विधी आयोगानं जुलै २०१७ मध्ये २६९ वा अहवाल ह्याच विषयावर दिला. त्यावर आपल्याकडे कुठल्या चौकात घोषणा झाल्याचं मला आठवत नाही. कोंबडीला पोळा नाही.

अंड्यावरून भांडण झालं ते निराळंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं. विरोध सुरू झाला. मग जानेवारी २०२४ मध्ये ठरलं की चाळीस टक्के पालकांचा विरोध असेल त्या शाळेत अंडं द्यायचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्यासाठीचा पैसाच काढून घेतला. ह्या सगळ्या वादात कोंबडीच्या पिंजऱ्याबद्दल चकार शब्द नव्हता. तो ताटाच्या सोवळ्याचा वाद होता. झरी-जामणी, मारेगावच्या कोलाम पोडांवरच्या अंगणवाड्यांमध्ये अमृत आहार योजनेत मुलांना अंडी मिळतात. तिथली एक सेविका मला म्हणाली की अंड्याच्या दिवशी हजेरी मोजावी लागत नाही. त्या मुलांच्या हातातलं अंडं काढून घ्यायला मी कधीही तयार होणार नाही. आणि ते अंडं देणारी कोंबडी कशी जगते हे पाहिल्यावर मला स्वस्थ बसवतही नाही. दोन्ही खरं आहे.

पुण्याला शिकणारी माझी भाची व्हेगन झाली आहे. मटण तिनं आधी सोडलं, मग अंडं, मग दूधही. गेल्या उन्हाळ्यात ती आजीकडे आली. आई आता पंचाऐंशीच्या घरात, अजून एक गाय तिच्या हट्टापायी दारात. चहाला नातीनं दूध नको म्हटल्यावर आईला वाटलं, पोरीचं पोट बिघडलं.

“आजी, ते वासराचं दूध आहे गं. आपण त्याचं काढून घेतो.”

आई थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. “दोन थानं सोडतो ना माय वासराले. मी तं चारही सोडत होती पहिले पंधरा दिवस.”

“सगळे सोडतात?”

“आता कोन सोडते. डेअरीवाले तं वासरूच ठेवत नाही.”

“मग?”

“मंग तुह्यं बरोबर हाय,” आई म्हणाली, आणि तिनं कोरा चहा नातीपुढे ठेवला. गूळ घालून.

मला वाटलं होतं, दोघींची जुंपेल. आईनं आयुष्यभर मटणाचा मसाला वाटून दिला आणि मटण खाल्लं नाही; सोडणं म्हणजे काय, ते तिला नातीकडून शिकायचं नव्हतं. संध्याकाळी भाची गाईला पाणी पाजायला गेली आणि बराच वेळ तिच्या गळ्याची पोळी खाजवत उभी राहिली. तिला शेण काढता येत नाही. आईनं तिला तेही करायला लावलं.

मी स्वतः खाते. करीला खाते, क्वचित पाहुण्यांबरोबर खाते. बॉयलर मात्र त्या शेडमध्ये जाऊन आल्यापासून बंद केलं. ह्यात फार मोठं काही केलं असं नाही. गावरान कोंबडी महाग असते, म्हणून आपोआप कमी खाल्ली जाते. तुळशीची माळ घालावी असं अजून वाटलेलं नाही. दूध सोडायची छाती नाही. आणि जे गरीब म्हणून स्वस्त कोंबडी खातात त्यांना शहाणपण शिकवण्याचा मला काही हक्क आहे, असंही वाटत नाही. पण शेडमध्ये कोंबडी कशी ठेवावी, ट्रकमध्ये बैल कसे न्यावेत, म्हाताऱ्या बैलाचा चारा कोणी द्यावा, हे माझ्या एकटीच्या ताटावर सुटणारे प्रश्न नाहीत. ते सरकारचे आहेत, आणि सरकारनं त्यांची किंमत एकदा ठरवून ठेवलेली आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत गेल्या, त्यांनी पशुक्रूरतेविरुद्ध विधेयक आणलं, आणि त्यातून पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यात जनावराला मारझोड करणं, उपाशी ठेवणं, कोंबून नेणं, हलताही येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं, हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तो पन्नासाचा आकडा बदललेला नाही. पन्नास रुपयांत आमच्या गावच्या दुकानात आज सहा-सात अंडी येतात.